पोर्थगाइन (वेल्स): पाटीचा दगड, विटा आणि खडी पाठवणारे एक निवृत्त बंदर

समुद्रकाठ

वेल्समधील भटकंतीविषयीचे आपल्याकडचे बहुतेक लेखन कार्डिफचा किल्ला आणि स्नोडोनियाचे डोंगर यांच्यापाशी थांबते, म्हणून पश्चिम टोकाच्या एका चिमुकल्या बंदराविषयी सविस्तर लिहीत आहे. पेम्ब्रोकशायरच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंट डेव्हिड्स आणि फिशगार्ड यांच्या मध्ये पोर्थगाइन नावाचे गाव आहे. इंग्रजी वाचनाच्या सवयीने आपण त्याला 'पोर्थगेन' म्हणतो, परंतु वेल्श उच्चार 'गाइन'च्या जवळ जाणारा आहे.

पहिल्या भेटीत माझी पुरती फसगत झाली, ती आधी सांगतो. गाडीतून उतरलो तेव्हा समोर एक हिरवे मैदान होते, त्याच्या कडेला १७४३ पासूनचे म्हणून सांगितले जाणारे 'स्लूप इन' हे खानावळवजा मद्यगृह होते, एका ओळीत बसक्या घरांची चाळ होती आणि बंदराच्या पश्चिम अंगाला कड्याला पाठ लावून उभी असलेली विटांची एक प्रचंड भिंत होती. शिवकालीन किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला अशी भिंत दिसली की तिची तटबंदीच होते. मी तिची छायाचित्रे काढली, चहा प्यायलो आणि अर्ध्या तासात सेंट डेव्हिड्सचे कॅथीड्रल पाहायला निघून गेलो.

दुसऱ्या वेळी आबेरइदीला गाडी ठेवून किनाऱ्याच्या पायवाटेने सुमारे तीन किलोमीटर चालत पोर्थगाइनला आलो, म्हणजे गावात खालून न शिरता वरून उतरलो. त्या दिवशी उलगडा झाला. ती भिंत तटबंदी नसून फोडलेल्या खडीच्या कोठारांची रांग आहे. कड्याच्या माथ्यावर दगडाची खाण, तिच्या अलीकडे दगड फोडणारी यंत्रे, त्यांच्या खाली कोठारे, कोठारांच्या खाली धक्का आणि धक्क्याला लागलेले जहाज, अशी ती सगळी उतरंड होती. एकदा वर चढवलेला दगड पुढे जवळजवळ स्वतःच्या वजनानेच खाली येत जहाजात पडे. खालून पाहिले तर येथे विस्कळीत अवशेष दिसतात, आणि वरून उतरत आले तर एकसंध कारखाना दिसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की पोर्थगाइन वरून पाहावे.

आता थोडा क्रम लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मासेमारीची आणि चुन्याच्या भट्ट्यांची साधी खाडी होती. त्यानंतर पाटीच्या दगडाच्या, म्हणजे स्लेटच्या खाणी सुरू झाल्या आणि १८५० च्या सुमारास बंदराचे पहिले बांधकाम झाले. शेजारच्या आबेरइदीलाही स्लेटची मोठी खाण होती, पण तिथला किनारा उघडा आणि लाटांच्या माऱ्यातला असल्याने जहाज लावण्याची सोय नव्हती. त्यामुळे तिथला माल रुळांवरच्या गाड्यांनी पोर्थगाइनला आणावा लागे. आजची पायवाट काही ठिकाणी त्याच रुळांच्या जवळून जाते.

स्लेटच्या धंद्यात कचरा फार निघतो. तो कचरा दळून, साच्यात घालून आणि भाजून विटा करण्याचा उद्योग १८८९ च्या सुमारास येथे सुरू झाला आणि १९१२ च्या आसपास थांबला. बंदराजवळची 'टी मावर' (शब्दशः 'मोठे घर') ही दणकट इमारत या स्लेट-विटांच्या काळातली आहे. त्याच सुमारास तिसरा धंदा उभा राहिला, तो रस्त्यांच्या खडीचा, आणि पुढे तोच मुख्य झाला. १९०२ ते १९०४ या काळात काँक्रीटच्या भिंती घालून बंदर मोठे करण्यात आले. खडीचे काम १९३१ मध्ये कायमचे बंद पडले.

म्हणजे फार तर ऐंशी वर्षांचा हा उद्योग, पण त्यात एकाच गावाने तीन धंदे केले आणि प्रत्येक धंद्याने आपले काही ना काही मागे ठेवले. ज्यांनी हे ठिकाण पाहिले आहे किंवा ज्यांना खाणी आणि बंदरे यांविषयी माहिती आहे, त्यांनी भर घालावी.

खडी-डांबर

लेख आवडला. मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे त्या विटांच्या कोठारांविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

खडीचा व्यवहार हा मुळात आकाराचा व्यवहार असतो. रस्त्याच्या तळच्या थराला मोठा दगड लागतो, वरच्या थराला बारीक खडी लागते आणि फटी भरायला कच लागते. म्हणून क्रशरमधून निघालेला माल चाळण्यांवरून जातो आणि प्रत्येक आकाराची खडी आपापल्या कप्प्यात पडते. कोठार एकसलग नसून त्याचे कप्पे पाडलेले असतात, ते याच कारणासाठी. आपल्याकडच्या खडी क्रशरवर हेच काम उघड्यावर, वेगवेगळे ढीग घालून चालते, कारण तिथे ट्रक दिवसभर येत असतात. बंदरावर मात्र जहाज भरतीच्या वेळीच आत येणार आणि पुढची भरती साधून बाहेर पडणार, म्हणून माल आधीच फोडून, चाळून, कप्प्यांत भरून तयार ठेवावा लागतो आणि जहाज लागले की नळ सोडल्यासारखा तो सोडावा लागतो. त्या भिंतीची उंची आणि जाडी इतकी का आहे, याचे उत्तर यात आहे. ओल्या खडीचा आतून बाहेर येणारा दाब सामान्य नसतो.

दुसरी गोष्ट दगडाची. स्थानिक लोक त्याला ग्रॅनाइट म्हणत आले असले तरी भूशास्त्राच्या दृष्टीने तो डोलेराइट आहे. सह्याद्रीचा आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, आणि हा डोलेराइट हे रासायनिक दृष्ट्या अगदी जवळचे नातलग आहेत. बसाल्टचा लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थिजतो, तर डोलेराइटचा रस जमिनीखालच्या भेगांत अडकून सावकाश थिजतो, म्हणून त्याचे कण थोडे जाड असतात. कोकणात आणि खानदेशात काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब उभ्या भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा डोलेराइटच्याच आहेत. टणकपणामुळे दोन्ही दगड खडीसाठी उत्तम. तेव्हा पोर्थगाइनच्या धक्क्यावर पडलेला एखादा तुकडा मराठी माणसाला ओळखीचा वाटला तर त्यात नवल नाही.

समुद्रकाठ

अत्यंत आभारी आहे. भरतीचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. ओहोटीला या बंदरातले बरेचसे पाणी निघून जाते आणि चिखलावर कललेल्या होड्या दिसतात. त्याच जागी एके काळी वाफेवर चालणारी मालवाहू जहाजे लागत असत, यावर ओहोटीच्या वेळी विश्वास बसत नाही.

पाटी-पेन्सिल

माझा प्रश्न स्लेटविषयी आहे. आमच्या पिढीने दगडी पाटीवर अक्षरे गिरवली आहेत, त्यामुळे हा दगड जिव्हाळ्याचा. उत्तर वेल्सची स्लेट जगभर गेली, असे ऐकत आलो. मग पोर्थगाइनची स्लेट का टिकली नाही?

समुद्रकाठ

दर्जा हे एक कारण होते. उत्तर वेल्समधील दगड अतिशय पातळ आणि सरळ फाटतो, त्यामुळे त्याची कौले हलकी आणि एकसारखी होतात. पेम्ब्रोकशायरची स्लेट त्या तोडीची नव्हती. या भागातल्या जुन्या घरांची छपरे पाहिलीत तर त्यांवर स्लेटच्या वरून सिमेंटचा पातळ लेप दिलेला आढळतो. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याने कौले उडू नयेत आणि पाणी आत शिरू नये म्हणून ही पद्धत पडली. लांबून पाहणाऱ्याला छपरावर कोणी पांढरे पीठ पसरले आहे असे वाटते. पोर्थगाइनच्या कामगारांच्या चाळीकडे पाहताना हे मुद्दाम पाहावे.

दुसरे कारण वाहतुकीचे. या गावापर्यंत मुख्य रेल्वेमार्ग कधीच आला नाही. जे काही जायचे ते समुद्रमार्गेच जायचे, आणि समुद्रमार्ग हवामानाच्या मर्जीवर होता. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंच्या टोकांवर उभारलेले पांढरे खांब आपण छायाचित्रांत पाहिले असतील. मी पहिल्यांदा त्यांना स्मारके समजलो होतो.

कार्डिफवासी

त्या खांबांविषयी मीच लिहिणार होते. ती जहाजांसाठीची खूण आहे. हा किनारा समुद्रातून पाहिला तर सगळा एकसारखाच काळपट दिसतो आणि पोर्थगाइनची फट इतकी अरुंद आहे की ती अगदी जवळ आल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन पांढऱ्या खुणांच्या मधोमध जहाज घातले की ते बंदरात शिरते, असा तो हिशेब होता. पूर्वेकडच्या टोकावर चढून खाली पाहिले की ही गोष्ट कोणी न सांगता समजते. चढण फार नाही, पण वारा असेल तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये, कारण कड्याला कठडा नाही.

आपला 'वरून पाहावे' हा सल्ला मला मनापासून पटला, मात्र त्यात एक दुरुस्ती सुचवते. ज्यांना तीन किलोमीटर चालणे झेपत नाही त्यांनी धक्क्याच्या पश्चिम बाजूने पायऱ्या चढून माथ्यावर जावे. वर गेल्यावर जुन्या इमारतींचे पाये, खाणीचा खड्डा आणि खडी फोडण्याच्या जागेचे अवशेष दिसतात, आणि तिथून कोठारांच्या मागच्या बाजूकडे पाहता येते. सासूबाईंना घेऊन आम्ही असेच केले. पायऱ्या दमवणाऱ्या आहेत, परंतु वेळ घेऊन चढले तर साठी ओलांडलेल्या माणसालाही जमते.

आणखी एक. कोठारांच्या रांगेजवळ कड्यात एका बोगद्याचे तोंड दिसते. स्लेटच्या खाणीतून माल थेट धक्क्यावर आणण्यासाठी तो खोदलेला होता. आत जाता येत नाही आणि जाऊही नये.

तळकोकण

मी सिंधुदुर्गातला. आमच्या जिल्ह्यात रेडीला लोहखनिजाच्या खाणी आणि समुद्रमार्गे माल पाठवणारे बंदर, दोन्ही अगदी शेजारी शेजारी पाहिलेली आहेत, म्हणून हा धागा आत्मीयतेने वाचत आहे. मला दगडापेक्षा माणसांचे विचारायचे आहे. कंपनी १९३१ मध्ये बंद झाली, पण घरे तर कंपनीची असणार. मग लोक गेले की राहिले? आणि आज ते सारे कोणाचे आहे?

समुद्रकाठ

हा प्रश्न मूळ लेखातच यायला हवा होता.

घरे कंपनीचीच होती. काम थांबल्यावर गाव रिकामे झाले नाही. मासेमारी, शेती आणि मिळेल ते काम यांवर माणसे टिकून राहिली, आणि मालकी मात्र दीर्घकाळ कंपनीकडे राहिली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रीची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी एकत्र येऊन आपली घरे विकत घेतली, आणि बंदर व औद्योगिक अवशेष पेम्ब्रोकशायर कोस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाकडे गेले. हे उद्यान १९५२ मध्ये स्थापन झाले. आपल्या कल्पनेतील अभयारण्यापेक्षा ते वेगळे आहे, कारण त्याच्या हद्दीत गावे, शेते आणि माणसे आहेत, आणि बांधकामावर मात्र कडक नियंत्रण आहे.

त्या विटांच्या कोठारांना आज संरक्षण आहे, परंतु १९३१ नंतरची पन्नास वर्षे ती टिकली याचे कारण संरक्षण नव्हे. ती पाडून त्या जागी दुसरे काही बांधावे असे कोणाला वाटण्याइतका पैसाच या गावात आला नाही. कंपनी श्रीमंत राहिली असती, तर तिने स्वतःच्या हाताने ती पाडून नवी बांधली असती. पुष्कळशा वारशाची हकिकत अशीच असते, मात्र माहितीफलकावर ती लिहिलेली नसते.

तळकोकण

नेमके. आणि घरे रहिवाशांकडे गेली ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाहीतर सुट्टीच्या घरांचे गाव व्हायला वेळ लागत नाही. तसे तिथे झाले आहे का?

कार्डिफवासी

पेम्ब्रोकशायरच्या संपूर्ण किनाऱ्यावर हा वादाचा विषय आहे आणि पोर्थगाइनसारखे छोटे गाव त्यातून सुटलेले असेल असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, दोन्ही वेळा मी तिथे गेले आहे. हिवाळ्यात दिवे लागलेल्या खिडक्या कमी असतात. तरीही खेकडे आणि शेवंड पकडणाऱ्या होड्या धक्क्याला लागलेल्या असतात, सापळ्यांची चळत रचलेली असते आणि मद्यगृहात वेल्श बोलणारी माणसे असतात, एवढे मी स्वतः पाहिले आहे. शेवंड म्हणजे लॉबस्टर, हे घाटावरच्या वाचकांसाठी.

भटकी-सुनीती

आबेरइदीच्या निळ्या तळ्याविषयी कोणी कसे लिहिले नाही? आमच्या घरातली मुले तर तेवढ्यासाठीच तिकडे निघाली होती.

समुद्रकाठ

मुद्दाम मागे ठेवले होते, कारण बहुतेकांची सहल तिथेच संपते. 'ब्लू लगून' म्हणतात ती खरे तर आबेरइदीची जुनी स्लेटची खाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली आणि नंतर खाण व समुद्र यांच्या मधला दगड सुरुंगाने फोडून पाणी आत घेण्यात आले. होड्यांना आसरा मिळावा हा त्यामागचा हेतू होता. तळे सुमारे २५ मीटर खोल आहे आणि स्लेटच्या पार्श्वभूमीवर त्याचे पाणी विलक्षण निळे-हिरवे दिसते. कड्यावरून सूर मारण्याच्या जागतिक स्पर्धा येथे २०१२, २०१३ आणि २०१६ मध्ये झाल्या, त्यासाठी २७ मीटर उंचीचा मंच उभारला होता.

पाण्याच्या कडेला खाणकामाच्या इमारतींच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि मुले त्यांवर चढून उड्या मारतात. त्या भिंतींवरून माणसे कोणती यंत्रे चालवत होती, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नसते, आणि त्यांच्या वयात मलाही नसते. जाणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. पाणी भर उन्हाळ्यातही अतिशय गार असते, म्हणून पोहण्याची सवय असलेल्यांनीच उतरावे. आणि शरद ऋतूत या किनाऱ्यावर करड्या सीलांची वीण होते, तेव्हा पिल्ले दिसली तर त्यांच्यापासून लांब राहावे आणि तिथल्या सूचनाफलकांचे पालन करावे.

आबेरइदीच्या किनाऱ्याची वाळू काळपट आहे, कारण ती शेल (गाळापासून बनलेला पातळ थरांचा दगड) आणि स्लेट यांच्या चुऱ्याची आहे. तिथल्या काळ्या दगडांत ग्रॅप्टोलाइट नावाच्या प्राचीन समुद्री जीवांचे ठसे मिळतात. त्यांचा आकार वाद्याचा सूर जुळवायला वापरतात त्या स्वरकाट्यासारखा, दोन फाट्यांचा असतो. आम्ही एक तुकडा उचलून उन्हात तिरपा धरला तेव्हा पेन्सिलीने हलकेच काढावी तशी चंदेरी रेघ त्यावर चमकली. तुकडा परत ठेवून दिला. कड्यावर हातोडी चालवण्यास तिथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

भटकी-सुनीती

धन्यवाद. आता व्यवहाराचे. आम्ही चौघे कार्डिफहून निघणार आहोत, त्यांत एक शाकाहारी आजी आहेत. एका दिवसात होईल का?

कार्डिफवासी

गाडीने जाता येताना प्रत्येकी अडीच ते तीन तास धरा, म्हणजे दिवस फार ताणला जाईल. सेंट डेव्हिड्स किंवा फिशगार्ड येथे एक रात्र राहिल्यास उत्तम. शेवटचे काही मैल रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्यावी लागते. ज्यांना गाडी मागे घेण्याचा आत्मविश्वास नाही त्यांनी सेंट डेव्हिड्सहून बस घ्यावी.

बसच्या बाबतीत मात्र आमचा अनुभव ऐका. किनाऱ्याकाठची गावे जोडणारी बससेवा ऋतूप्रमाणे बदलते आणि हिवाळ्यात तिच्या फेऱ्या फारच कमी होतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये उन्हाळ्याचे वेळापत्रक हातात धरून थांब्यावर पाऊण तास उभे राहिलो, चूक सर्वस्वी आमची. शेवटी मुख्य रस्त्यावरच्या क्रॉइसगोखपर्यंत अंधारात चालत गेलो, तेव्हा कुठे टॅक्सी मिळाली.

आजींसाठी: बंदरावरचे 'द शेड' मासळीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे चिप्स मिळतात, पण ते कशात तळतात हे विचारून घ्यावे. 'स्लूप इन'मध्ये शाकाहारी पदार्थ असतात. तरी मी सोबत दशम्या नेते, आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून खाल्लेल्या दशमी-चटणीला तोड नाही. सीगल पक्ष्यांपासून मात्र सांभाळा, ते हातातून पदार्थ पळवतात.

समुद्रकाठ

आपला कार्यक्रम असा आखा असे सुचवतो. सकाळी आबेरइदीला उतरा, निळे तळे पाहा आणि ज्यांना चालवते त्यांनी पायवाटेने पोर्थगाइनकडे निघा. मध्ये त्राइथ लिव्हनची सुंदर पुळण लागते. तिथे उतरायला लोखंडी जिना आहे, पण तो अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतो आणि भरतीला पुळण जवळपास नाहीशी होते, म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. गाडी चालवणाऱ्याने आजींना घेऊन थेट बंदरावर यावे. सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती असा दिवस मिळाला तर फारच उत्तम, कारण मग बंदर रिकामे आणि भरलेले, दोन्ही एकाच मुक्कामात दिसेल.

खडी-डांबर

भरतीच्या वेळी धक्क्यावर उभे राहून एक गोष्ट पाहा. कोठारांच्या तळाशी असलेली तोंडे आणि जहाजाचा काठ यांची उंची मनातल्या मनात जुळवून पाहा. ती पाण्याच्या कोणत्या पातळीला जुळते, हे तिथूनच ठरवता येईल. छायाचित्र काढलेत तर येथे जरूर टाका.